संशोधनात रेडिएशन असेल तेव्हा क्लिनिकल तज्ज्ञाने काय तपासावे : बेळगाव भागातील नव्या परीक्षकांसाठी

एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या, सदस्य सचिवांचा निरोप येतो की एका प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या लेखी आराखड्यात) सीटी स्कॅन आहेत, तुमचे मत हवे. आणि चार दिवसांत जाडजूड फाइल टेबलावर येऊन पडते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात रेडिओलॉजी, कॅन्सरोपचार किंवा न्यूक्लिअर मेडिसिन यांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या वाट्याला हे काम बहुधा असेच अचानक येते. रिपोर्ट वाचायला आपण शिकलेलो असतो, पण ‘हा स्कॅन करावाच का, आणि संशोधनासाठी करावा का’ या प्रश्नावर लेखी मत देण्याचा सराव फार थोड्यांना असतो. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी लिहिला आहे. कमिटीतील वकील, समाजकार्यकर्ते आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचे सदस्य यांनीही तो वाचावा, म्हणजे तज्ज्ञाकडून नेमके काय मागून घ्यायचे याचा त्यांना अंदाज येईल.

हे काम कोणाचे, आणि कोणाचे नव्हे

ब्रिटनमध्ये या भूमिकेला स्वतंत्र नाव आहे. तेथे वैद्यकीय कारणासाठी दिल्या जाणाऱ्या आयनीकारक (एक्स-रेसारख्या, पेशींना इजा करू शकणाऱ्या) किरणांविषयीचे २०१७ चे नियम फेब्रुवारी २०१८ पासून लागू झाले असून, संशोधनासाठी रेडिएशन द्यायचे तर एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. अर्जातील रेडिएशनचा भाग तेथे दोघे जण तपासतात. वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ मात्रा काढतो आणि तिचा धोका आकड्यांत मांडतो, तर ‘क्लिनिकल रेडिएशन एक्स्पर्ट’ म्हणून ओळखला जाणारा डॉक्टर त्या मात्रेचे वैद्यकीय समर्थन होते की नाही हे सांगतो. आपल्याकडे हेच काम एथिक्स कमिटीच्या चौकटीत चालते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार कमिटीला बाहेरच्या विषयतज्ज्ञाला बोलावता येते. तो मत देतो, परंतु त्याला मतदानाचा अधिकार नसतो. नव्या औषधाची चाचणी असेल तर २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स हेही डोळ्यांपुढे ठेवावे लागतात. कामाची ही विभागणी स्पष्ट असल्यामुळे ब्रिटिश पद्धत नव्या माणसाने समजून घेण्यासारखी आहे, आणि तिचा गाभा इथेही जसाच्या तसा वापरता येतो.

१९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे, म्हणजे एईआरबीचे, काम यापेक्षा वेगळे आहे. यंत्राचा परवाना, खोलीच्या भिंतींची जाडी, रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची नेमणूक, टेक्निशियनच्या छातीवरचा टीएलडी बॅज (त्याला मिळालेले रेडिएशन मोजणारा बिल्ला) हे सारे त्या कक्षेत येते. ‘यंत्र एईआरबीच्या परवान्याचे आहे, सबब हरकत नाही’ असा शेरा फाइलवर दिसला तर तज्ज्ञाने मूळ प्रश्नाला हातच घातलेला नाही असे समजावे. तीच गोष्ट मर्यादांची. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (मिलीसिव्हर्ट हे रेडिएशनच्या मात्रेचे एकक) ही मर्यादा रेडिएशनच्या कामावरील कर्मचाऱ्यांसाठी आहे आणि १ मिलीसिव्हर्ट ही सामान्य जनतेसाठी. रुग्णाच्या तपासणीला यांपैकी कोणतीच मर्यादा लागू होत नाही, त्यामुळे ‘मर्यादेच्या आत आहे’ या वाक्याला संशोधनाच्या फाइलवर काही अर्थ उरत नाही. तेथे प्रत्येक अभ्यासाचे समर्थन स्वतंत्रपणे करावे लागते.

आधी स्वतःकडे पाहावे

फाइल उघडण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे अभ्यासातील रेडिएशन आपल्या विषयातले आहे का. एक्स-रे, सीटी, मॅमोग्राफी यांवर रेडिओलॉजिस्टने मत द्यावे. पेट-सीटी किंवा हाडांचा आयसोटोप स्कॅन असेल तर न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरने. आणि रुग्ण ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट देणे’ म्हणतात ती रेडिओथेरपी असेल तर रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टने. एकाच प्रोटोकॉलमध्ये दोन प्रकार आले तर दोन तज्ज्ञ लागतात, आणि तसे सदस्य सचिवांना पहिल्याच दिवशी कळवावे. दुसरी गोष्ट अवघड आहे, कारण आपल्या भागातील वैद्यकीय बिरादरी लहान आहे. नेहरूनगरातील जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज असो वा जिल्हा रुग्णालयाला जोडलेले बिम्स असो, प्रस्ताव पाठवणारे प्राध्यापक कधीतरी आपले शिक्षक असतात, नाहीतर आपला वर्गमित्र असतो. ओळख असणे हा दोष नव्हे. मात्र आपण स्वतः सहसंशोधक असू, किंवा जादा स्कॅनचे बिल आपल्याच सेंटरला मिळणार असेल, तर ते लेखी कळवून मत देण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

नेहमीचे किती, जादा किती

तज्ज्ञाच्या कामाचा खरा भार या पायरीवर आहे. प्रोटोकॉलमधील तपासण्यांच्या तक्त्यातून आयनीकारक किरणे वापरणारी प्रत्येक तपासणी वेगळी काढून, ती किती वेळा होणार हे लिहून घ्यावे. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत अशी किरणे नसतात, ते या यादीत येत नाहीत. मग प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न विचारावा : हा माणूस अभ्यासात नसता तर याच रुग्णालयात, याच आजारासाठी, ही तपासणी एवढ्याच वेळा झाली असती का?

‘याच रुग्णालयात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मोठ्या कंपन्यांचे प्रोटोकॉल परदेशात लिहिले जातात आणि त्यांत दर आठ आठवड्यांचा सीटी ‘स्टँडर्ड ऑफ केअर’ म्हणून सर्रास नोंदलेला असतो. तेथे तो असेलही. आपल्याकडे तोच रुग्ण हुक्केरीहून एसटीने येतो, तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवतो, मधल्या काळात त्याचा छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी होते, आणि सीटीचा खर्च परवडेल तेव्हाच सीटी होतो. अशा वेळी प्रोटोकॉलमध्ये ‘नेहमीचे’ म्हणून दाखवलेले निम्मे स्कॅन प्रत्यक्षात जादा असतात. हे मुंबईत बसून कंपनीतर्फे चाचणीवर देखरेख करणाऱ्या मॉनिटरला कळणार नाही आणि भौतिकशास्त्रज्ञालाही कळणार नाही. ते रोज ओपीडी पाहणाऱ्या डॉक्टरलाच ठाऊक असते. तज्ज्ञाला बोलावण्याचे कारणच ते आहे, आणि म्हणून पुस्तकातील प्रथा न लिहिता प्रत्यक्षातील प्रथा लिहावी. शंका असेल तर संबंधित विभागातील मागील काही महिन्यांच्या केसपेपरवरून नजर फिरवावी.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत हाच प्रकार लहान प्रमाणात दिसतो. ‘सर्व सीटी नियमित उपचाराचा भाग म्हणून होणार आहेत’ असे एक वाक्य असते आणि खाली नमुन्याची संख्या इतकी मोठी असते की तेवढ्या रुग्णांना त्या आजारासाठी दोन वर्षांत सीटीची गरज पडेल का, असा प्रश्न पडावा. प्रबंधासाठी इंडिकेशन (तपासणी करण्याचे वैद्यकीय कारण) सैल केले जाणार असेल तर तो जादा स्कॅनच आहे, मग बिलावर काहीही लिहिलेले असो. पूर्वीच झालेल्या स्कॅनचा फेरअभ्यास असेल तर नवे रेडिएशन शून्य असते. तसे एका ओळीत लिहून मोकळे व्हावे.

सीमाभागाची एक खास अडचण येथे सांगितली पाहिजे. चंदगड, गडहिंग्लजचे रुग्ण बेळगावात येतात, निपाणीचे कोल्हापूरला जातात, अथणी-कागवाडचे मिरजेला. एखाद्या मावशी ओपीडीत येतात तेव्हा त्यांच्या हातातील प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या झेरॉक्सबरोबर, तीन आठवड्यांपूर्वी मिरजेत काढलेल्या सीटीच्या फिल्म दुमडून ठेवलेल्या असतात. प्रोटोकॉल मात्र ‘अभ्यास केंद्रावर नवा स्कॅन’ मागतो. दर्जा पुरेसा असेल आणि प्रोटोकॉलच्या मुदतीत बसत असेल तर बाहेरचा स्कॅन स्वीकारावा, ही अट मतात घालून ठेवावी. एका वाक्याच्या या अटीने पहिला स्कॅन अनेकांच्या बाबतीत टळतो.

नेहमीचे स्कॅन बाजूला काढले म्हणून ते मोजायचे नाहीत, असे मात्र नाही. ब्रिटिश पद्धतीत एकूण मात्रा आणि तिच्यातील जादा वाटा असे दोन्ही आकडे मांडले जातात. मला ही पद्धत योग्य वाटते, कारण एकूण आकडा लपवला की जादा वाटा किती मोठा आहे हे समजत नाही.

आकडा भौतिकशास्त्रज्ञाकडून घ्यावा

मात्रेचे गणित स्वतः करू नये. मेडिकल फिजिसिस्ट त्या यंत्राच्या नोंदींवरून ते काढू शकतात, आणि लहान रुग्णालयात ते नसतील तर रेडिओथेरपी असलेल्या जवळच्या रुग्णालयातील फिजिसिस्टांना कमिटीमार्फत विचारावे. तरी ढोबळ आकडे डोक्यात असावेत, म्हणजे चुकीचा आकडा आला तर खटकतो. छातीचा एक एक्स-रे सुमारे ०.०२ मिलीसिव्हर्ट, मॅमोग्राफी सुमारे ०.४, छातीचा नेहमीचा सीटी सुमारे ७, तोच कमी मात्रेच्या पद्धतीने सुमारे १.५. निसर्गातून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलीसिव्हर्ट मिळतच असतात.

हा आकडा कशाशी ताडायचा, यासाठी आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाच्या ६२ व्या प्रकाशनातील वर्गवारी आजही उपयोगी पडते. ०.१ मिलीसिव्हर्टच्या आत असेल तर ज्ञानात थोडी भर पडणेही पुरेसे समजले जाते, ०.१ ते १ आणि १ ते १० या टप्प्यांत अपेक्षित लाभ वाढत गेला पाहिजे; आणि १० च्या वर गेले की लाभ भरीव, थेट रुग्णाला वाचवणारा किंवा गंभीर आजार टाळणारा असावा लागतो. ही वर्गवारी निर्णय देत नाही. संशोधकाने किती वजनदार कारण दाखवले पाहिजे, एवढेच ती सांगते.

आता तोलावे

समजा, निपाणीच्या तंबाखू वखारींत आणि घरी विड्या वळण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांचा एक अभ्यास आला आहे. वय २५ ते ५०, बहुतेक जणी धडधाकट, क्वचित खोकला. प्रस्तावात सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षाने असे छातीचे तीन नेहमीचे सीटी आहेत. नेहमीच्या उपचारात यांतील बहुतेकींचा फार तर एक एक्स-रे झाला असता, म्हणजे तिन्ही सीटी जादा. एकूण २१ मिलीसिव्हर्ट झाले आणि प्रस्ताव सर्वांत वरच्या वर्गात गेला. आयोगाच्या २००७ च्या शिफारशींतील दर सिव्हर्टला सुमारे साडेपाच टक्के हा सरासरी गुणक लावला, तर पुढे कधीतरी कर्करोग होण्याची शक्यता नऊशे जणींमागे एक अशा प्रमाणात वाढते. शिवाय छातीच्या सीटीत स्तन थेट किरणांत येतात. तरुण स्त्रीच्या स्तनाची ऊती किरणांना विशेष संवेदनशील असते. आयोगाने २००७ मध्ये स्तनाचा भारांक, म्हणजे एकूण धोक्यात त्या अवयवाचा धरलेला वाटा, ०.०५ वरून ०.१२ वर नेला तो उगाच नव्हे.

येथे तज्ज्ञाने नुसता ‘नाही’ म्हणू नये. सहा महिन्यांच्या भेटीत फुप्फुसात जो बदल शोधायचा आहे तो स्पायरोमेट्रीत (नळीत फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीत) दिसेल का? दिसणार असेल तर मधला सीटी गळतो. उरलेले दोन कमी मात्रेच्या पद्धतीने करता येतील का? विचारलेल्या प्रश्नाला ते पुरत असतील तर एकूण मात्रा ३ मिलीसिव्हर्टवर येते आणि धोका सुमारे सहा हजारांमागे एकीवर. अभ्यास तोच राहिला, प्रश्नही तोच राहिला, रेडिएशन सातव्या हिश्श्यावर आले. असे फेरफार सुचवायला फुप्फुसांची आणि यंत्राची दोन्हींची जाण लागते, आणि म्हणूनच तज्ज्ञाचे मत जितके नेमके असेल तितका कमिटीला त्याचा उपयोग होतो.

आता दुसरी फाइल घ्या. पसरलेल्या कॅन्सरवरील औषधाची चाचणी आहे, रुग्ण साठीचे, छाती-पोट-ओटीपोटाचा सीटी दर आठ आठवड्यांनी, तर इथली प्रथा बारा आठवड्यांची. ४८ आठवड्यांत पाचाऐवजी सात स्कॅन होतील. एका स्कॅनचे साधारण १५ मिलीसिव्हर्ट धरले तर जादा ३० आणि एकूण १०५. आकडा निपाणीच्या अभ्यासाच्या कितीतरी पट आहे. तरीही मी या फाइलवर कमी हरकती घेईन. रेडिएशनमुळे होणारे गाठींचे कर्करोग दिसायला बहुधा दहा वर्षे आणि त्याहून अधिक काळ लागतो, तर या रुग्णांपुढचा प्रश्न येत्या काही महिन्यांचा आहे, आणि औषध निष्फळ ठरत असेल तर ते काही आठवडे आधी कळण्यात त्यांचाच फायदा आहे. पण हीच चाचणी सुरुवातीच्या टप्प्यातील, शस्त्रक्रियेने बरे होऊ शकणाऱ्या पस्तिशीच्या रुग्णांवर असेल तर हा युक्तिवाद कोसळतो, कारण त्यांच्यापुढे चाळीस वर्षे आहेत. वय, आजाराचा टप्पा आणि आयुर्मान यांशिवाय मिलीसिव्हर्टचा आकडा मुका असतो, आणि त्याला बोलते करणे हे भौतिकशास्त्रज्ञाचे काम नव्हे, आपले आहे.

सरासरी गुणक एका माणसाचे भविष्य सांगत नाही, दोन पर्यायांची तुलना करायला मात्र चांगला उपयोगी पडतो. तो तेवढ्यापुरताच वापरावा. लहान मुले असतील तर अधिक काटेकोर राहावे, कारण त्यांच्या पेशी जास्त संवेदनशील असतात आणि पुढचे आयुष्यही मोठे असते. गरोदरपणाची शक्यता असलेल्या स्त्रियांची प्रत्येक स्कॅनपूर्वी चाचणी होणार आहे का, आणि न्यूक्लिअर मेडिसिनची तपासणी असेल तर स्तनपानाविषयी सूचना दिली आहे का, हे पाहावे.

स्कॅनमध्ये अभ्यासाशी संबंध नसलेले काही सापडले तर काय, हा प्रश्न संशोधक बहुधा विसरतात. धडधाकट बाईच्या फुप्फुसात चार मिलीमीटरची गाठ दिसली तर तिला कोण सांगणार, पुढचा स्कॅन कोण करणार, आणि पैसे कोण देणार? यांची उत्तरे प्रोटोकॉलमध्ये नसतील तर मागावीत. संशोधनासाठीच्या जादा तपासणीचा खर्च सहभागी व्यक्तीवर पडता कामा नये, हेही स्पष्ट लिहून घ्यावे.

माहितीपत्रक स्वतः वाचावे

१९६९ साली इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री शहरात दक्षिण आशियाई वंशाच्या एकवीस स्त्रियांना रक्तक्षयाच्या अभ्यासासाठी लोह-५९ हे किरणोत्सारी समस्थानिक मिसळलेल्या चपात्या देण्यात आल्या. त्यांच्यापैकी अनेकींना इंग्रजी जेमतेम समजत होते. १९९५ मध्ये एका दूरचित्रवाणी माहितीपटातून हा विषय लोकांपुढे आला, तेव्हा आपल्याला नेमके काय खायला दिले हे कोणी समजावले नव्हते, असे काहींनी सांगितले. मात्रा अल्प असली तरी संमतीचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. तीन भाषा बोलणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हा धोका रोजचा आहे. इंग्रजी पत्रकात रेडिएशनचा परिच्छेद असतो आणि मराठी किंवा कानडी अनुवादात तो ‘नेहमीच्या तपासण्या केल्या जातील’ एवढाच उरतो, असे होऊ शकते. म्हणून तज्ज्ञाने ज्या भाषा त्याला येतात त्या सर्व प्रती स्वतः वाचाव्यात, आणि येत नाही ती प्रत सहकाऱ्याकडून वाचून घ्यावी.

निपाणीच्या अभ्यासाच्या मराठी पत्रकात रेडिएशनविषयी मी साधारण असे वाक्य मागेन : ‘या अभ्यासात भाग घेतल्यास तुमच्या छातीचे दोन सीटी स्कॅन होतील. अभ्यासात नसता तर ते झाले नसते. त्यांतून मिळणारे रेडिएशन आपल्याला जमीन, हवा आणि अन्न यांतून सव्वा वर्षात मिळते तेवढे आहे. त्यामुळे पुढील आयुष्यात कर्करोग होण्याची शक्यता थोडी, म्हणजे सुमारे सहा हजार जणींमागे एक इतकी, वाढू शकते. तुम्ही नकार दिलात तरी तुमच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही.’ यात ‘अत्यंत सुरक्षित’ हे शब्द नाहीत आणि घाबरवणारेही काही नाही. ‘पूर्णपणे निर्धोक’ असे शब्द पत्रकात आढळले तर ते काढायला सांगावेत.

मत लिहिताना

एक ते दीड पान पुरते. त्यात अभ्यासातील प्रत्येक प्रकारच्या किरणतपासणीची संख्या, तीतील जादा किती आणि इथली प्रथा काय हे कसे ठरवले ते, फिजिसिस्टांनी दिलेली मात्रा, पर्यायांचा विचार, समर्थनाविषयीचा स्पष्ट निष्कर्ष आणि अटी एवढे यावे. ‘हरकत नाही’ हे दोन शब्द म्हणजे मत नव्हे. बैठकीत वकील सदस्याने कारण विचारले तर सदस्य सचिवांकडे वाचून दाखवायला काही असले पाहिजे. हितसंबंधांची ओळ आणि तारीख विसरू नये.

मंजुरीनंतर प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती येते, आणि जादा स्कॅन बहुधा या दुरुस्त्यांमधूनच शिरतात. स्कॅनची संख्या, शरीराचा भाग, यंत्र किंवा सहभागींचा वयोगट यांपैकी काहीही बदलले तर फाइल पुन्हा तज्ज्ञाकडे यावी, अशी अट पहिल्याच मतात घालावी. आणि नवी मात्रा जुन्या आकड्यात मिळवून एकूण बेरीज नव्याने मांडून घ्यावी, कारण दुरुस्तीच्या पत्रात केवळ वाढलेला भाग दाखवलेला असतो आणि तो एकटा नेहमीच क्षुल्लक दिसतो.